पोत्यातला बटाटा सडू नये म्हणून: मऊ कूज आणि ब्लॅकलेग कसे रोखावेत

पोतं उघडलं आणि नाकाला झोंबणारी दुर्गंधी आली, की बहुतेक जण औषधाच्या दुकानाकडे धावतात. तोवर उशीर झालेला असतो. मऊ कूज आणि ब्लॅकलेग हे रोग पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया या गटांतल्या जिवाणूंमुळे होतात. एकदा कंद बाधला, की त्याला बरं करणारं औषध नाही. खरी लढाई लागवडीआधी आणि काढणीच्या पंधरवड्यात असते.

आधी ओळख पटवा. ब्लॅकलेगमध्ये झाडाची पानं पिवळी पडून वरच्या बाजूला वळतात, बुंधा जमिनीलगत काळा आणि चिकट होतो, आणि झाड ओढलं की सहज हातात येतं. मऊ कुजीचा बटाटा कापा: आतला गर मलईसारखा पांढुरका, लिबलिबीत आणि कडेला काळसर रेघ. वास मागाहून येतो. गर कोरडा, सुरकुतलेला असेल तर ती बुरशीची कोरडी कूज, तिचा विषय वेगळा.

बियाणं शक्यतो अख्खं, 40 ते 50 ग्रॅमचं घ्या. कापायचंच असेल तर विळा अधूनमधून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवा आणि फोडी सावलीत दोनेक दिवस पसरून जखम सुकू द्या. कोल्ड स्टोरेजमधून आणलेल्या कंदांवर दव धरतं, ते उतरेपर्यंत पोती बंद ठेवू नका. ब्लॅकलेग बहुधा याच बियाण्यातून शेतात शिरतो.

आता पाणी. इंदूर, महू, देवास या पट्ट्यातली काळी माती पाणी धरून ठेवते, हीच मेख आहे. कंदाभोवती पाण्याचा थर बसला की त्याला हवा मिळत नाही, सालीवरची बारीक रंध्रं फुगून उघडतात आणि कंदाची प्रतिकारशक्ती लुळी पडते. जिवाणूंना मात्र हवेवाचून अडत नाही. म्हणून उंच वरंबे करा, सरीत पाणी तुंबू देऊ नका, हलकं पाणी वारंवार द्या. महूजवळ आमच्या काकांचं शेत आहे. पाटाच्या खालच्या टोकाला एक खोलगट तुकडा होता, दर वर्षी तिथलेच बटाटे सडायचे. काका दोष बियाण्याला देत. शेवटी एक चर खणला.

रोगी झाड दिसलं तर खालच्या कंदासकट उपटून शेताबाहेर खोल पुरा. नत्र बेताने द्या. पुढच्या हंगामात त्याच जागी बटाटा नको. सोयाबीन, गहू चालतात.

काढणीआधी 10 ते 15 दिवस पाणी तोडा, पाला कापून टाका. अंगठ्याने घासल्यावर साल सुटली नाही, की खणायला हरकत नाही. फेब्रुवारी-मार्चात ऊन तापू लागतं, तेव्हा खणणी सकाळी उरका. कंद टोपलीत आपटू नका. प्रत्येक खरचटा म्हणजे जिवाणूला उघडं दार. सावलीत, गवताखाली 10 ते 15 दिवस ढीग ठेवा, मग निवडा. बियाण्यासाठी ठेवायचे कंद 3 टक्के बोरिक ॲसिडच्या द्रावणात (लिटरला 30 ग्रॅम) अर्धा तास बुडवून सावलीत पूर्ण सुकवा. खायच्या बटाट्यांना हा उपाय करू नका.

उन्हाळ्यात वेफर्स-किसासाठी घरी पोतंभर बटाटा येतो, तोही धुऊन ठेवू नका. हवेशीर जागी पसरा. एखादा सडका निघाला तर त्याला चिकटलेले शेजारीही वेगळे काढा. चांगले दिसत असतील, तर कोरड्या फडक्याने पुसून त्यांचीच भाजी आधी करा.