मेक्सिको फिरायचाय? मग कॅनकूनपासून नको, मेक्सिको सिटीपासून सुरू करा

बहुतेक लोक काय करतात, तर कॅनकूनचं तिकीट काढतात, रिसॉर्टवर चार दिवस पडून राहतात, मध्ये एक दिवस टूरच्या बसने चिचेन इत्झाला, म्हणजे माया लोकांच्या जुन्या शहराच्या अवशेषांकडे, जाऊन फोटो काढतात आणि झाला त्यांचा मेक्सिको. समुद्र तिथला सुरेखच आहे, त्यात वाद नाही, पण एवढ्यावर देश सोडून परत यायचं म्हणजे मला खरंच वाईट वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी मेक्सिको सिटी, मग दक्षिणेकडचं वाहाका शहर आणि शेवटी युकातान, म्हणजे चिचेन इत्झाचा भाग, या क्रमाने जा. कारण राजधानीतलं म्युझियम आधी बघितलं की पुढचे सगळे अवशेष बोलायला लागतात, नाहीतर तिसऱ्या पिरॅमिडनंतर सगळे दगड सारखेच दिसतात. दोन आठवडे असतील तर तिन्ही आरामात होतं, आठ-दहाच दिवस असतील तर वाहाका किंवा युकातान यातलं एक सोडा, पण राजधानी सोडू नका.

व्हिसाचं आधी बघून घ्या. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी वेगळा काढावा लागत नाही. नियम बदलत असतात म्हणून तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाच्या साइटवर एकदा खात्री करा, आणि विमान अमेरिकेतून बदलणार असाल तर तिथला ट्रान्झिट व्हिसाही लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी जिना चढताना दम लागतो, डोकं जड होतं, त्यामुळे तो दिवस हलकाच ठेवा, पाणी भरपूर प्या (बाटलीचंच, नळाचं नाही). राहायला रोमा किंवा कोंदेसा हे भाग छान, झाडं आहेत, रात्री जेवून चालत परत येता येतं. फिरायला मेट्रो, एका फेरीला ५ पेसो, कार्ड काढायचं आणि रिचार्ज करत राहायचं. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका आणि मुलांसाठी राखीव असतात. आणि पिनो सुआरेझ स्टेशनला गाडी बदलायची असेल तर घाई करू नका, तिथे मेट्रो खणताना सापडलेलं अ‍ॅझ्टेकांचं गोल छोटं देऊळ जागच्या जागी ठेवलंय आणि लोक त्याच्या बाजूने ऑफिसला जातात, मला हे शहर तिथे सगळ्यात जास्त कळतं.

आता मुख्य गोष्ट, चापुल्तेपेक बागेतलं मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय म्युझियम. सकाळी उघडतानाच जा, सोमवारी बंद असतं. रविवारी तिथल्या रहिवाशांना प्रवेश फुकट असतो त्यामुळे तुफान गर्दी होते, म्हणून मधला वार बघा. सगळं बघायच्या फंदात पडू नका, तेओतिवाकान (राजधानीबाहेरचं प्राचीन शहर), मेशिका म्हणजे अ‍ॅझ्टेक, वाहाका आणि माया एवढीच चार दालनं नीट बघा, अर्धा दिवस सहज जातो. मेशिका दालनात समोरच तो सूर्याचा दगड आहे, साडेतीन मीटरहून मोठा आणि वजन सुमारे २४ टन, १७९० मध्ये मुख्य चौकात सापडलेला. माया दालनात खालच्या मजल्यावर पालेंके या माया शहराच्या पाकाल राजाच्या कबरीची हुबेहूब प्रतिकृती उभी केलीय, ती चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी सोकालो, म्हणजे तो मुख्य चौक. कॅथेड्रलच्या शेजारीच तेम्प्लो मायोर, म्हणजे अ‍ॅझ्टेकांचं मुख्य देऊळ, आहे. १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार खणत होते आणि त्यांना सव्वातीन मीटरचा गोल कोरलेला दगड लागला, त्यावर हातपाय तुटलेली कोयोल्शाउकी देवी. गोष्ट अशी की तिच्या भावाने, म्हणजे युद्धदेवाने, तिला मारून डोंगरावरून खाली फेकलं, आणि दगडही बरोब्बर देवळाच्या पायऱ्यांच्या तळाशी ठेवलेला. आतल्या म्युझियममध्ये वरच्या मजल्यावरून खाली बघून तो दगड नीट दिसतो, जवळून बघितलं तर नुसते अवयव दिसतात आणि काही कळत नाही, वरून बघा.

तेओतिवाकानला टूर घ्यायची गरज नाही. तेर्मिनाल देल नोर्ते बस स्टँडवरून ‘पिरामिदेस’ लिहिलेली बस पकडा, तासाभरात पोचता. पहिल्या बसनेच निघा कारण सावली नावाला नाही आणि तिथला मुख्य रस्ता, म्हणजे ‘मृतांचा रस्ता’, दोन किलोमीटरच्या वर आहे, टोपी हवीच. सूर्याचा पिरॅमिड ६५ मीटर उंच. वर चढू देतात की नाही हे अधूनमधून बदलतं, चढता आलं नाही तरी दिवस वाया जात नाही. हे शहर अ‍ॅझ्टेकांनी बांधलेलं नाही बरं का, ते आले तेव्हा ते कित्येक शतकं ओस पडलेलं होतं.

चित्रकार फ्रिडा काहलोचं निळं घर बघायचं असेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा, दारात मिळेल या भरवशावर राहू नका. सोचिमिल्कोच्या कालव्यांतल्या रंगीत होड्या ग्रुप असेल तरच, कारण भाडं होडीचं तासावर असतं, माणशी नाही. बसायच्या आधी किती तास ते पक्कं ठरवून घ्या.

जेवणाचं सांगतो, कारण शाकाहारी लोक इथे घाबरतात आणि उगाच घाबरतात. दुपारी छोट्या खानावळीत ‘कोमिदा कोर्रिदा’ मिळते, सूप, भात, मुख्य पदार्थ आणि सरबत, स्वस्त आणि घरगुती. भोपळ्याच्या फुलांची, मक्यावरच्या काळ्या बुरशीची (उइत्लाकोचे, चव जबरदस्त), निवडुंगाची केसादिया (सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी) मागा, पण राजधानीत केसादियात चीज धरलेलंच नसतं, ‘कोन केसो’ (चीजसकट) म्हणावं लागतं. राजम्यासारख्या बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, म्हणून ‘सिन मान्तेका’ (चरबीशिवाय) हे दोन शब्द पाठच करा.

वाहाकाला बसने सहा-सात तास. इथे माझा जीव जास्त रमतो त्यामुळे किमान तीन रात्री द्याच. मोंते आल्बान शहरापासून अगदी जवळ, झापोतेक लोकांनी इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपास डोंगराचा माथाच सपाट करून त्यावर शहर वसवलं. तिथल्या ७ नंबरच्या कबरीत १९३२ मध्ये सोन्याचा खजिना सापडला, तो आता गावात सांतो दोमिंगो चर्चला लागून असलेल्या म्युझियममध्ये आहे, म्हणून सकाळी डोंगर आणि दुपारी म्युझियम असं जोडून करा. दुसऱ्या दिवशी मित्लाच्या अवशेषांच्या बाजूला जा, वाटेत तूलेचं अवाढव्य झाड लागतं, आणि तेओतित्लान देल वाये गावात विणकर कोचिनील नावाचे किडे तळहातावर चिरडून लाल रंग काढून दाखवतात, त्यात लिंबू पिळलं की तोच रंग डोळ्यांदेखत केशरी होतो. सतरंजी घ्यायची असेल तर तिथेच विणणाऱ्याकडून घ्या. १-२ नोव्हेंबरला मृतांच्या दिवसासाठी जायचं असेल तर राहायचं बुकिंग कित्येक महिने आधी करावं लागतं, आणि स्मशानात गेलात तर लोकांच्या घरच्या माणसांच्या कबरी आहेत हे लक्षात ठेवून फोटोसाठी आधी विचारा.

युकातानला विमानाने मेरिदा गाठा. चिचेन इत्झासाठी आदल्या रात्री वायादोलिदला मुक्काम करा आणि आठला गेट उघडताना आत शिरा, कॅनकूनच्या बसेस यायच्या आत मोठा पिरॅमिड शांतपणे बघून होतो. पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवा, परत येणारा आवाज पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. वर चढायला बंदी आहे. तिकिटं दोन असतात, एक केंद्राचं आणि एक राज्याचं, दोन्ही सांभाळून ठेवा. दुपारी सेनोतेमध्ये पोहायला जा. या भागातली जमीन चुनखडीची, वर नद्याच नाहीत, सगळं पाणी खाली झिरपतं आणि छत कोसळलं की असे डोह उघडे पडतात. उतरायच्या आधी सनस्क्रीन धुवून टाका, तेच पाणी लोक पितात.

आणि वेळ असेल तर उश्माल हे जुनं माया शहर, मेरिदापासून दक्षिणेला. गर्दी कमी, पिरॅमिडचे कोपरे गोलसर, भिंतींवर लांब नाकाच्या पर्जन्यदेवाचे मुखवटे. चिचेन आणि उश्माल यातलं एकच जमणार असेल तर मी उश्माल सांगेन.

पैसे बँकेच्या एटीएममधून पेसोतच काढा, मशीन तुमच्या चलनात रूपांतर करू का विचारतं तेव्हा नाही म्हणा. टीप १० ते १५ टक्के. परतीचं विमान कॅनकूनचं असेल तर तिथलं घड्याळ मेरिदा-वायादोलिदपेक्षा एक तास पुढे असतं, निघायची वेळ त्या हिशोबाने धरा.