वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: सर्जन कसा निवडावा, तयारी कशी करावी

ऑपरेशनची तारीख घेणं हे या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम, आणि बरेच जण सुरुवात नेमकी तिथूनच करतात. ऑपरेशन थिएटरमधला वेळ साधारण एक-दोन तासांचा. पण त्याआधीचे दोन-तीन महिने तुम्ही कसे घालवता आणि नंतरची कित्येक वर्षं तुमच्यामागे कोण उभं राहणार आहे, यावर बरंचसं अवलंबून असतं. म्हणून हा लेख तारखेच्या आधीच्या कामांबद्दल आहे.

आधी आपलं गणित मांडा

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा आकडा, काढा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. वजन १०० किलो आणि उंची १.६० मीटर असेल तर बीएमआय साधारण ३९ येतो. १९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा अशी होती: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत वजनामुळे जडलेला गंभीर आजार. तीस वर्षं जगभर तीच मोजपट्टी चालली. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी ती बदलली. आता बीएमआय ३५ असेल तर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर तिचा विचार करता येतो. आशियाई वंशाच्या लोकांसाठी हा विचार २७.५ पासूनच सुरू होतो, कारण त्यांच्यात तेवढ्याच बीएमआयला पोटातली चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो.

मग एक कागद घ्या. वजन कधीपासून वाढलं, काय काय करून पाहिलं, किती उतरलं, किती परत आलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आधी पोटाचं कुठलं ऑपरेशन झालंय का, हे सगळं लिहा. खाली एकच ओळ अशी लिहा की वजन उतरल्याने नेमकं काय सुटायला हवंय: साखर, गुडघे, रात्रीचं घोरणं, मूल होण्यातली अडचण? कोणती शस्त्रक्रिया करायची हे पुष्कळदा या ओळीवरून ठरतं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड यांसारख्या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचा पर्याय अजून तपासला नसेल तर तोही लिहून न्या. चांगला सर्जन त्यावर मोकळेपणाने बोलतो.

शस्त्रक्रियांची तोंडओळख

आज मुख्यतः दोन शस्त्रक्रिया होतात, दोन्ही दुर्बिणीतून. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग किंवा थोडा जास्तच कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. गंमत म्हणजे ही शस्त्रक्रिया मुळात अतिजोखमीच्या रुग्णांसाठी मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा म्हणून केली जायची. पुष्कळांचं वजन पहिल्याच टप्प्यात इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज उरली नाही. पण कापलेलं जठर परत येत नाही, आणि ज्यांना आधीच छातीत जळजळ, आंबट ढेकर यांचा त्रास आहे त्यांचा तो स्लीव्हनंतर वाढू शकतो.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. जुना मधुमेह किंवा मोठी जळजळ असेल तर पारडं सहसा बायपासकडे झुकतं. त्याची किंमतही असते: जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची शिस्त अधिक कडक, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद, आणि गोड जास्त झालं तर घाम, धडधड, जुलाब. एकच जोड असलेला, ‘मिनी’ म्हणवला जाणारा बायपासही केला जातो. त्यात पित्त उलटं जठरात येण्याची शक्यता असते, ती विचारून घ्या.

आता टक्क्यांची एक चलाखी. जाहिरातीत ‘६० टक्के वजन घटलं’ असं दिसतं तेव्हा ते बहुधा जादा वजनाचे ६० टक्के असतात. १२० किलोच्या माणसाचं योग्य वजन ६५ धरलं तर जादा वजन ५५ किलो. त्यातले ३३ किलो गेले की ६० टक्के झाले, पण एकूण वजनाच्या हिशेबात ते साडेसत्तावीसच टक्के आणि काट्यावर ८७ किलो. पहिल्या वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास उतरणं हा चांगला निकाल आहे, आणि पुढे त्यातलं थोडं परत येणंही नेहमीचंच. हा आकडा ऐकून मन खट्टू होत असेल तर ते आत्ताच होऊ द्या, ऑपरेशननंतर नको.

सर्जन: इथे घाई करू नका

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एक विलक्षण अभ्यास झाला. २० बॅरिअॅट्रिक (वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या) सर्जननी आपल्या ऑपरेशनचे व्हिडिओ दिले आणि इतर सर्जननी नाव न कळता त्यांच्या हाताच्या सफाईला गुण दिले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के निघालं, सर्वांत जास्त गुणांच्या गटात ५.२ टक्के. शस्त्रक्रिया तीच आणि फरक जवळजवळ तिप्पट.

आपल्याला कुणी व्हिडिओ दाखवणार नाही, आणि दाखवला तरी कळणार नाही. आपल्या हातात उरतात ते प्रश्न. पहिला साधा आहे: ‘गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः हीच शस्त्रक्रिया किती वेळा केलीत?’ ‘एकूण हजारो’ हे याचं उत्तर नव्हे. अमेरिकेत मान्यताप्राप्त मोठ्या केंद्राला वर्षाला किमान ५० अशा शस्त्रक्रिया कराव्या लागतात, यावरून अंदाज घ्या. सोबत हेही विचारा की हत्यार प्रत्यक्ष कुणाच्या हातात असेल. सल्ला एकाचा आणि ऑपरेशन दुसऱ्याचं असं होत असेल तर ते आधी कळायला हवं.

दुसरा प्रश्न: ‘तुमच्या रुग्णांमध्ये टाक्यांतून गळती किती जणांना झाली, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?’ माझ्या मते सगळ्यात जास्त इथे कळतं. ‘आमच्याकडे असं कधीच होत नाही’ असं उत्तर आलं तर एक तर ऑपरेशनं फार कमी झाली आहेत, किंवा हिशेब ठेवलेला नाही, किंवा खरं सांगितलं जात नाही. तिन्ही कारणं उठून यायला पुरेशी आहेत. या शस्त्रक्रिया आज बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,७७६ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात ३० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं. पण हजारात तीन म्हणजे शून्य नव्हे, आणि हे नीट समजावून सांगणारा सर्जनच हवा.

तिसरा प्रश्न रात्रीचा. रात्री दोनला दुखायला लागलं तर फोन कोण उचलेल? रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे का? सीटी स्कॅनचं टेबल तुमचं वजन पेलतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या टेबलांना वजनाची मर्यादा असते आणि ती ऐन वेळी कळून उपयोग नसतो.

चौथा प्रश्न लांबचा आहे: ‘पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्यांपैकी किती जण अजून तपासणीला येतात?’ आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ टीममध्ये आहेत की फक्त माहितीपत्रकावर, तेही पाहा. जुन्या रुग्णाशी बोलायला मिळालं तर तीन महिने झालेल्याशी नको, तीन वर्षं झालेल्याशी बोला. सुरुवातीला सगळेच खूश असतात, नव्याचे नऊ दिवस. तिसऱ्या वर्षी माणूस खरं बोलतो.

आधीचे-नंतरचे फोटो, रोबोटचा बोलबाला, ‘याच महिन्यात बुक केलंत तर सवलत’ या गोष्टींना माझ्या लेखी फार किंमत नाही. रोबोट हे हत्यार आहे, हात शेवटी सर्जनचाच. पैशांचं बोलताना पॅकेजमध्ये काय नाही ते विचारा: गुंतागुंत झाली आणि मुक्काम वाढला तर खर्च कुणाचा? पुढची वर्षानुवर्षं चालणारी रक्ततपासणी आणि गोळ्याही बजेटमध्ये धरा. आणि ‘तुम्ही आधी सिगारेट सोडा, साखर आटोक्यात आणा, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर रागावून दुसरीकडे जाऊ नका. तोच कदाचित तुमचा सर्जन असेल.

तपासण्या

रक्ताच्या तपासण्यांत साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड यांच्यासोबत लोह, बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व बघतात. वजन जास्त असूनही शरीर आतून कुपोषित असणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि ही तूट आधीच भरून काढलेली बरी. एंडोस्कोपीत जठर आतून पाहतात आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला तर आधी त्याचा उपचार करतात. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात. वजन वेगाने उतरताना नवे खडेही होतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी नंतर सहा महिने त्यावरची गोळी देतात. मोठ्याने घोरत असाल, दिवसा पेंग येत असेल तर झोपेची तपासणी टाळू नका. स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधूनमधून अडकण्याचा आजार, निघाला तर सीपॅप या मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनची सवय ऑपरेशनच्या आधीच लागायला हवी. मानसोपचारतज्ज्ञाची भेट पास-नापासाची परीक्षा नसते. ताण आला की खाणं, लपून खाणं, दारू, जुनं नैराश्य, जे असेल ते सांगा. लपवलेलं दुसऱ्या वर्षी वर येतं.

तंबाखू, गोळ्या, गर्भधारणा

तंबाखू कोणत्याही रूपात असो, किमान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतरही बंदच. त्याने जखम भरायला वेळ लागतो, आणि बायपासनंतर जोडावर व्रण होण्याची भीती वाढते. दारूही थांबवा. बायपासनंतर ती पटकन चढते आणि काही जणांत नव्याने व्यसन लागतं.

गोळ्या मनाने थांबवू नका, पण यादी पूर्ण द्या. रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्या मधुमेहाच्या गोळ्या यांचा विशेष उल्लेख करा. ग्लिफ्लोझिन गोळ्या साधारण तीन-चार दिवस आधी थांबवायला सांगतात. वजनाची इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं, कारण त्यामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. स्त्रियांसाठी आणखी एक: वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. कोणतं साधन वापरायचं हे आधीच ठरवा.

खाण्याची रंगीत तालीम

नंतर जसं खायचं आहे तसं आजपासून खाऊन बघा. छोटा चमचा, छोटी ताटली, प्रत्येक घास अगदी मऊ होईपर्यंत चावायचा, जेवण वीस-तीस मिनिटं चालवायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. मधल्या वेळात घोट-घोट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन दिवस पाळून बघा म्हणजे सवयी किती चिवट असतात ते कळेल. नंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. त्यासाठीच्या पावडरी चाखून बघा, पण मोठा डबा घेऊन ठेवू नका. ऑपरेशननंतर कित्येकांची चव बदलते आणि तो डबा तसाच पडून राहतो. रोज चाला. भूल सोसायला आणि पायात रक्ताची गुठळी होऊ न द्यायला चालण्याची मदत होते.

शेवटचे दोनेक आठवडे कमी उष्मांकाचा, कमी पिष्टमय पदार्थांचा आहार देतात. याला शिक्षा समजू नका. यकृताचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो आणि चरबीने सुजलेलं यकृत सर्जनच्या वाटेत येतं. या आहाराने ते आकसतं आणि उचलून धरणं सोपं जातं. आदल्या रात्रीची ‘शेवटची मेजवानी’ म्हणूनच फार महागात पडू शकते. इन्शुलिन घेत असाल तर या आहारात डोस कमी करावा लागतो, नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. त्याबद्दल पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

घर, रजा आणि एक कार्ड

दोन ते चार आठवड्यांची रजा काढा. चार-सहा आठवडे जड उचलायचं नाही, तेव्हा घरातली ती कामं कुणाकडे हे ठरवून टाका. नेहमीच्या मोठ्या गोळ्या कुटून किंवा पातळ स्वरूपात चालतील का ते विचारून ठेवा. सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत.

धोक्याच्या खुणा घरातल्या एकाला तरी पाठ हव्यात: नाडी १२० च्या वर, ताप, पोटाचं किंवा खांद्याचं वाढत जाणारं दुखणं, धाप, पोटरीला सूज, पाण्याचा घोटही न टिकणं. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता फोन. पुढे काही आठवड्यांनी सतत उलट्या होऊ लागल्या तरी तसंच, कारण बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते.

आणि पाकिटात एक कार्ड ठेवा. कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या तारखेला, सर्जनचा नंबर, कोणत्या वेदनाशामक गोळ्या द्यायच्या नाहीत, आणि ‘सर्जनला विचारल्याशिवाय नाकातून जठरात नळी घालू नये’ ही एक ओळ. अनोळखी रुग्णालयात तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसाल तेव्हा हीच माहिती डॉक्टरांच्या हाती पडायला हवी.