जुन्या गाडीचे ब्रेक बदलायचे तर नागपुरात किती खर्च येतो आणि तो वाढतो कुठे

‘ब्रेकचे पॅड बदलायचे किती?’ असं फोनवर विचारलं की हजार-पंधराशेचा आकडा मिळतो. गाडी आणायला गेलं की बिल सहा-सात हजारांचं असतं. दर वेळी मिस्त्री फसवतच असतो असं नाही. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत पॅड हा सगळ्यात स्वस्त भाग आहे. खर्च वाढतो तो त्यांच्या आजूबाजूला जे झिजलेलं, गंजलेलं, चिकटलेलं असतं त्यामुळे. म्हणून चारही चाकं उघडून मोजमाप झाल्याशिवाय भाव ठरवू नका. उघडून पाहण्याचे दोन-तीनशे वेगळे द्यावे लागले तरी द्या.

पुढचे आकडे अल्टो, वॅगन-आर, सँट्रो, जुनी स्विफ्ट अशा पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात) आणि मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा, ज्याला आतून लायनर घासतात) असलेल्या छोट्या गाड्यांचे आहेत. ते अंदाजाचे आहेत, दुकानागणिक फरक पडणारच. पुढच्या पॅडचा संच ७०० ते १,५०० रुपये, डिस्कची जोडी २,००० ते ४,०००, मागच्या लायनरचा संच ६०० ते १,२००, व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारे) प्रत्येकी २५० ते ६००, अर्धा लिटर ब्रेक ऑइल १५० ते ३००. बाहेरच्या गॅरेजमध्ये चारही चाकांची मजुरी, एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढण्यासकट, १,००० ते १,५००. म्हणजे नुसते पॅड बदलले तर दोन हजारांच्या आत काम होतं आणि सगळंच बदललं तर पाच ते दहा हजार लागतात. आणखी एक गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. डब्यावर त्याआधीची एमआरपी छापलेली असेल तर हा फरक दुकानदाराकडून नक्की कमी करून घ्या.

उघडल्यावर काय पाहायचं?

पॅडवरचा मसाला (डिस्कवर घासणारा थर) नवा असताना साधारण १० मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचे. चाकाच्या फटीतून फक्त बाहेरचा पॅड दिसतो, आणि जुन्या गाडीत आतला बरेचदा त्याच्या निम्म्यावर आलेला असतो. तसं झालं असेल तर कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) गाइड पिन, जिच्यावर तो सरकतो, किंवा पिस्टन चिकटला आहे. पिना साफ करून रबरला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं तर शे-दोनशेत काम होतं. तिथे साधं चेसिस ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटर लावून पाच-सहा ठिकाणी मोजायला सांगा. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. लेथवर फेस मारून (डिस्क घासून सपाट करून) घेण्याचे डिस्कमागे दोन-चारशे लागतात, पण जुनी डिस्क त्यानंतर किमान जाडीच्या जवळ येते आणि लवकर तापून पुन्हा वाकडी होते. छोट्या गाडीला सरळ नवी जोडी घेणंच परवडतं. एका बाजूचीच डिस्क किंवा पॅड बदलू नका, गाडी ब्रेकला एकीकडे ओढते.

मागे ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरचं रबर बोटाने उचलून पाहा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतो आहे. ऑइल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन वापरायचा आग्रह काही जण करतात. तो धुऊन सुधारत नाही, बदलाच. ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती ओली करून पुसायची.

एक चाक नेहमी जास्त तापत असेल तर जॅकवर चढवून, चाक जाम असतानाच ब्लीडर निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) सैल करा. चाक सुटलं तर दाब आत अडकून राहत होता, म्हणजे लवचीक होज (ऑइलची रबरी नळी) आतून फुगलेला आहे; तो प्रत्येकी २५० ते ५०० ला मिळतो. निपल उघडूनही चाक जामच राहिलं तर दोष कॅलिपरच्या पिस्टनमध्ये किंवा पिनांमध्ये आहे. एवढी एक चाचणी न केल्याने चांगला कॅलिपर उगाच बदलला जातो, आणि तो २,००० ते ३,५०० चा असतो. निपल गंजलेला असेल तर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगा. जोर लावून तुटला तर तोच कॅलिपरचा खर्च अंगावर येतो.

ब्रेक ऑइलमध्ये कंजूषी नको. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, ओलावा धरल्यावर १४० पर्यंत येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. नागपूरच्या मे महिन्यात चिखलदऱ्याचा घाट उतरताना ऑइल उकळून पेडल खाली जाण्याचं कारण बहुधा हेच असतं. दर दोन वर्षांनी बदला. झाकणावर लिहिलेलाच प्रकार घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

एअर काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात येत नाही तिथे गंज असतो. सील त्यावरून घासलं की फाटतं आणि चार दिवसांनी सिग्नलवर पेडल हळूहळू बसायला लागतं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की दीड-दोन हजारांचा हा खर्च टळतो.

माल घेताना सीलबंद डबा आणि पक्कं बिल मागा. जुन्या शूवर (लायनर ज्यावर बसतं त्या लोखंडी पट्टीवर) नवं लायनर चिकटवून घेणं स्वस्त पडतं, पण उष्णतेने ते सुटू शकतं. कॅलिपरचं ब्रॅकेट भंगारातून आणलं तर चालेल. सिलिंडर, होज, लायनर हे कधीच आणू नयेत. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीसाठी आरटीओत गाडी दाखवायची असेल तर हे काम त्याच्या आधी उरकून घ्या, तिथे ब्रेक तपासले जातात. काढलेले भाग परत मागून घ्या.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. मग पहाटे आउटर रिंग रोडवर, मागे कुणी नाही हे पाहून, ५० च्या वेगावरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग कमी करा, मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालती ठेवा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा कसून घ्या आणि ऑइलची पातळी पाहा. ती खाली गेली असेल तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधा.