वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांचं दुखणं कसं मोजावं

वृद्धाश्रमाच्या रोजच्या नोंदवहीत बीपी असतं, शुगर असते, पोट साफ झालं की नाही हेही असतं. दुखण्याला मात्र सहसा रकानाच नसतो. कुणी कण्हलं तर गोळी मिळते, नाहीतर ‘तक्रार नाही’ लिहून पान उलटतं. झिजलेले गुडघे, बेडसोअर, कवळीखालची जखम, तुंबलेली लघवी, अर्धांगाच्या बाजूचा आखडलेला खांदा, नागीण बरी झाल्यावरही राहिलेली आग, यांतलं काहीही त्या ‘तक्रार नाही’च्या मागे असू शकतं. म्हणून दुखणं बीपीसारखंच ठरवून, नियमित मोजायला हवं. त्यासाठी यंत्र लागत नाही. मावशींना, मामांना, भेटायला येणाऱ्या मुला-सुनांनाही ते जमतं.

पहिली पायरी : आधी त्यांनाच विचारा

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे म्हणून विचारायचंच नाही, ही सगळ्यात मोठी चूक. सौम्य ते मध्यम डिमेन्शियातली बरीच माणसं आत्ता कुठे, किती दुखतंय हे सांगू शकतात. आधी चष्मा, श्रवणयंत्र, कवळी लावून द्या आणि टीव्ही बंद करा. समोर, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसा. प्रश्न एका वेळी एकच विचारा आणि उत्तरासाठी निदान अर्धा मिनिट थांबा. आपण घाईने दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिल्याचं उत्तर ओठांवरच राहतं.

नुसतं ‘दुखतंय का?’ विचारलं की ‘नाही गं, या वयात चालायचंच’ असं ऐकू येतं. त्यापेक्षा ‘उठताना कळ येते का?’, ‘रात्री पाय ठणकतात का?’, ‘कुठे आग होते, टोचतं?’ असं विचारा. जागा बोटाने दाखवायला सांगा. काल-परवाचं नको, आत्ताचं विचारा.

दुसरी पायरी : आकडा घ्या

० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे सहन न होणारं. हे जमलं तर उत्तम. नाही जमलं तर ‘थोडं, मध्यम, खूप’ यांतलं एक निवडू द्या. या पिढीतले अनेकजण अजूनही ‘आठ आणे फरक आहे’ असं सहज म्हणतात, तेव्हा रुपयात किती आणे दुखतंय असंही विचारता येतं. ही काही प्रमाणित पट्टी नाही. पण आजींचं आजचं दुखणं त्यांच्याच कालच्याशी ताडून पाहायला ती पुरते. एकदा जी पद्धत जमली, ती त्या व्यक्तीसाठी बदलू नका.

तिसरी पायरी : हालचाल करताना बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त दुखणं इथेच निसटतं. दुपारी पलंगावर शांत पडलेल्या आजींना बघून ‘शून्य’ लिहिलं जातं. खरं दुखणं कूस बदलताना, अंग पुसताना, डायपर बदलताना, संडासाला उठवताना बाहेर येतं. त्यामुळे आराम करताना एक आणि हालचालीच्या वेळी एक, अशा दोन नोंदी करा.

ज्यांना सांगताच येत नाही, त्यांच्यासाठी २००३ मध्ये अमेरिकेत तयार झालेली पेनॅड ही पट्टी वापरायला सोपी आहे. साधारण पाच मिनिटं नीट बघायचं आणि पाच गोष्टींना ०, १ किंवा २ गुण द्यायचे : श्वास, तोंडून येणारा आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं. एकूण गुण ० ते १०.

समजा, सकाळी अंग पुसायला आजींना कुशीवर वळवलं. श्वास नेहमीसारखा आहे, ०. ‘आई गं, आई गं’ असं त्या पुन्हा पुन्हा ओरडल्या, २. चेहरा वेडावाकडा झाला, २. मावशींचा हात ढकलून दिला, २. डोक्यावरून हात फिरवत बोलत राहिल्यावर निवळल्या, १. बेरीज ७. एरवी वहीत ‘आज खूप त्रास दिला, मारलं’ एवढंच लिहिलं गेलं असतं, आणि पुढे कदाचित झोपेची गोळी.

हे मी उगाच म्हणत नाही. नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममध्ये चिडचिड, आक्रमकता असलेल्या ३५२ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाच्या वेदनांवर आठ आठवडे टप्प्याटप्प्याने उपचार झाले. बऱ्याच जणांना नुसतं पॅरासिटामॉल होतं. त्या गटातली चिडचिड सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली.

पेनॅडवर २ किंवा जास्त गुण आले तरी दुखण्याची शंका घ्या. मात्र हा ७ आणि आजोबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेला ७ एक नव्हे. पट्टी दुखण्याची खूण दाखवते, तीव्रता नेमकी सांगत नाही. भीतीने, थंड पाण्यानेही माणूस ओरडतो. म्हणून रोज अंघोळ घालणाऱ्या मावशींचं ‘या अशा कधी करत नाहीत’ हे वाक्यही आकड्याशेजारी लिहा.

चौथी पायरी : लिहा आणि पुन्हा मोजा

तारीख, वेळ, काय चालू होतं, जागा, आकडा, काय केलं. एवढे रकाने पुरतात. नवीन माणूस दाखल झाला की पहिल्याच दिवशी मोजा, म्हणजे पुढचा बदल कळतो. त्यानंतर रोज ठरलेल्या वेळी, शिवाय वागणं बदललं, जेवण कमी झालं किंवा पडझड झाली की लगेच. उपाय केल्यावर तासाभराने पुन्हा मोजा. हा दुसरा आकडा नसेल तर गोळी लागू पडली की नाही, कुणालाच कळणार नाही.

उशी लावणं, कूस बदलणं, शेक देणं हे आधी करून बघता येतं. बधिर पायांना आणि जखमेच्या जागी शेक नको. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता देऊ नका. या वयात मूत्रपिंडाला इजा आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मोठा असतो. पडल्यानंतर पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, छातीत दुखू लागलं, पोट फुगून कडक झालं, तर मोजत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

डॉक्टरांना फोन करताना ‘आजी फार कण्हतात’ म्हणण्याऐवजी वही समोर धरा : ‘तीन दिवस कुशीवर वळवताना ७, पडून असताना १. उजव्या कमरेला हात लावू देत नाहीत. सकाळी आठला पॅरासिटामॉल दिलं, नऊला वळवून पाहिलं तर ५. संडास चार दिवस झालेली नाही.’