कांद्याची ट्रॉली ओळखता? मग ट्रेलरही जमेल

पिंपळगाव बसवंतला माझं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. एकतीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवल्या. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी नाशकात निवांत आहे. मुलगी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला असते. गेल्या खेपेला जावई म्हणाले, "बाबा, या वेळी हॉटेल नको. ट्रेलर भाड्याने घेऊन येलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊ." मी म्हटलं, दुकानातून निवृत्त झालो तरी ट्रॉली काही सुटत नाही.

नाशिक, सिन्नर, निफाड भागातली निम्मी पोरं तिकडे आहेत, आणि त्यांचे आईबाप दर दोन वर्षांनी सहा महिन्यांसाठी जातात. त्यांच्यापैकी कुणाला असा बेत आखायचा असेल तर हे त्यांच्यासाठी.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, गॅस, फ्रिज, संडास-बाथरूम सगळं. इंजिन मात्र नाही, मोठ्या गाडीच्या मागे टोचन करून न्यायची. जावयांच्या गाडीला ओढायची क्षमता होती म्हणून ठीक. भाड्याच्या साध्या गाडीला ट्रेलर जोडायला बहुतेक कंपन्या मनाई करतात, हे आधी बघा. तुम्ही स्वतः चालवणार असाल तर इथूनच आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एका वर्षाचा मिळतो. आणि ट्रेलरच्या करारात तुमचं नाव दुसरा चालक म्हणून लिहून घ्या.

आता मुख्य गोष्ट. वजन.

बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. दोन चाकी ट्रॉलीचं तेच. शेतकऱ्याला मी ट्रॉली देताना सांगायचो, कांदा पुढून भरत या, ड्रॉबारवर, म्हणजे पुढच्या जोडदांडीवर, बोजा राहू द्या. ट्रेलरचा नियम हाच, फक्त तिकडे त्याला आकडा आहे: भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन पुढच्या हुकवर यायला हवं. आमचा ट्रेलर भरल्यावर 5,000 पौंडाच्या आसपास, म्हणजे साधारण 2,270 किलो. त्यातले 500 ते 750 पौंड हुकवर.

हे वजन गाडीच्या खात्यात जातं, तिथे लोक फसतात. "ही गाडी 7,000 पौंड ओढते" एवढंच ऐकून खूश होऊ नका. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यात माणसं आणि सामान मिळून गाडी किती पेलेल ते लिहिलेलं असतं. आमच्या गाडीला 1,450 पौंड. आम्ही पाच जण मिळून 680, हुकवर 600, झाले 1,280. उरले 170, म्हणजे 77 किलो. त्यात सौभाग्यवतींच्या मसाल्याच्या डब्याची पिशवीसुद्धा धरायची.

मोजायला भुईकाटा आहे. मोठ्या ट्रक थांब्यांवर असतो, लासलगावला बाजार समितीत ट्रॅक्टर चढवतात तसा, फक्त प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं लिहून पावती देतात. आधी गाडी-ट्रेलर जोडून चढवा, मग ट्रेलर बाजूला ठेवून नुसती गाडी. पहिल्या पावतीतलं गाडीच्या दोन एक्सलचं वजन वजा दुसरी पावती, म्हणजे हुकवरचं वजन. वजन वाटून देणाऱ्या दांड्या हुकला लावल्या असतील तर मोजताना त्या सोडवून ठेवा, नाहीतर आकडा खोटा येतो.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने काय केलं ते ऐका. निघायच्या घाईत मी म्हटलं, मोजून काय करायचंय, एकतीस वर्षांचा अंदाज आहे. पाण्याची टाकी मागच्या बाजूला होती, ती गच्च भरली: 40 गॅलन, म्हणजे 150 किलो. मागच्या पलंगाखाली वीस किलो तांदूळ, कणीक, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, माझी अवजारांची पेटी. मागच्या बंपरवर नातवाची सायकल. इंटरस्टेट 15 वर आयडाहोत शिरलं की मालाड समिट नावाचा चढ लागतो. स्पेलिंग तेच आपल्या मालाडचं, लोकल तेवढी नाही. तो चढून उताराला लागलो, वेग 65 मैल, आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडा, मग गाडीची मागची चाकं ओढली जाताहेत असं जाणवण्याइतका. जावयांचा पाय ब्रेककडे गेला. मी ओरडलो, "ब्रेक नको!" आणि डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकचा जो छोटा डबा असतो, त्याची पट्टी अंगठ्याने दाबून धरली. ट्रेलर मागून आवळला गेला, ताण सरळ झाला, डुलणं थांबलं. सगळं मिळून पाच-सहा सेकंद.

म्हणून लक्षात ठेवा: डुलायला लागला तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक मारू नका, नुसता ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा. गाडी ताब्यात घेण्याच्या आधीच ती पट्टी कुठे आहे ते पुढे बसणाऱ्या दोघांनीही हात लावून बघा. पुढच्या विश्रांतीच्या जागी आम्ही निम्मं पाणी सोडून दिलं, तांदूळ आणि पेटी एक्सलच्या पुढे आणली, सायकल गाडीत घातली. त्यानंतर ट्रेलर गुमान मागे आला. लेक दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

जोडणीत नवीन काही नाही. गाडीच्या हुकच्या बॉलवर ट्रेलरचा कप बसला की कुलूप लावा, मग जॅकने पुढचा भाग थोडा उचलून बघा. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर पकड खरी. दोन साखळ्या हुकच्या खाली फुलीत टाका, म्हणजे कप निसटलाच तर ड्रॉबार साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. तिसरी बारीक तार असते ती वेगळी अडकवा. ट्रेलर पूर्ण सुटला तर ती ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. आपल्या ट्रॉल्यांना हे असतं तर ऊस आणि कांद्याच्या हंगामातले किती अपघात टळले असते. पहिल्या पन्नासेक मैलांनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा.

रिव्हर्सची भीती मात्र पिंपळगावातच घालवून जा. कुणाच्या तरी मोकळ्या वावरात ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन दोन सकाळी उलटी घ्या. ट्रॉली आखूड असते, पटकन आडवी वळते. ती जमली तर लांब ट्रेलर सोपा जातो, तो सावकाश वळतो. युक्ती एकच: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. शेपूट उजवीकडे न्यायचं तर हात उजवीकडे, डावीकडे तर डावीकडे. जमेना झालं की पुढे घेऊन सरळ करा. बाहेर उभ्या माणसाने चालकाच्या आरशात दिसत राहायचं, तो दिसेनासा झाला की चालकाने थांबायचं. "येऊ द्या, येऊ द्या" एवढंच म्हणणारा माणूस कामाचा नाही. येलोस्टोनच्या मुक्कामाच्या तळावर मी पहिल्या झटक्यात ट्रेलर आत घातला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने खुर्चीतून उठून टाळी वाजवली. त्याला काय सांगणार, मी आडव्या गल्लीत कांद्याच्या ट्रॉल्या लावलेल्या आहेत.

जागेचं बुकिंग हा खरा डोंगर. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांचे तळ सरकारी रिक्रिएशन डॉट गव्ह वर मिळतात, बरेचसे सहा महिने आधी उघडतात आणि उन्हाळ्याचे काही मिनिटांत संपतात. येलोस्टोनचे मोठे पाच तळ मात्र पार्कने नेमलेला ठेकेदार चालवतो, त्यांचं बुकिंग वेगळं. तिथे वीज, पाणी आणि मैल्याची जोडणी तिन्ही असलेला तळ एकच, फिशिंग ब्रिज. अस्वलांचा वावर असल्यामुळे तिथे तंबू चालत नाहीत, टणक भिंतींच्या गाड्याच लागतात. जागेची लांबी दिलेली असते ती नुसत्या ट्रेलरची की गाडीसकट, हे नीट वाचा.

पैशाचं: 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास 250 डॉलरला आहे, तिथल्या रहिवाशांना 80. पास नसेल तर येलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन अशा अकरा उद्यानांत परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर माणशी 100 डॉलर जादा. ज्येष्ठांचा स्वस्त पास तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच आहे, आपलं पांढरं डोकं दाखवून उपयोग नाही.

ट्रेलर तळावर ठेवा आणि गाडीने फिरा. तो घेऊन उद्यानात हिंडणं म्हणजे रामकुंडावर ट्रक घेऊन जाणं. काही रस्ते तर बंदच आहेत. ग्लेशियर पार्कच्या गोइंग टू द सन रोडच्या डोंगरी भागात 21 फुटांपेक्षा लांब किंवा 8 फुटांपेक्षा रुंद वाहन जात नाही. ग्रँड टिटनच्या मूस-विल्सन रस्त्यावर ट्रेलरला मनाई. मोबाईलचा नकाशा हे सांगत नाही.

तळावर पोचलात की आधी आडवी पातळी, मग उभी. गाडी जोडलेली असतानाच खालच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून डावी-उजवी सपाट करा. मग चाकांना ठोकळे. ठोकळे लागल्याशिवाय हुक सोडू नका. मग पुढच्या जॅकने पुढे-मागे सपाट करा. कोपऱ्यातले चार पाय फक्त हलणं थांबवायला असतात, त्यांनी ट्रेलर उचलायला जाल तर वाकतील. पातळीचा एवढा आग्रह का? गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया उताराने फिरतो. ट्रेलर कलला तर त्याचं फिरणं अडतं, फ्रिज गार होत नाही आणि पुढे बिघडतो.

वीज 120 व्होल्ट. इथून नेलेला मिक्सर तिथे फिरत नाही, आमच्या हिने खलबत्ता नेला होता. साध्या जोडणीचे 30 अँपिअर म्हणजे 3,600 वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेचा गिझर एकदम लावला की ट्रिप झालंच म्हणून समजा. आणि फोडणी देताना वरची झडप उघडून पंखा लावा. लाल मिरचीचा धूर निघाला की धुराचा अलार्म अख्खा तळ जागा करतो. तिथे रात्री दहानंतर शांतता पाळतात, आमची आमटी सव्वादहाला झाली होती.

कुकर न्याच. येलोस्टोन सरोवर 2,357 मीटरवर आहे, कळसूबाईपेक्षा सातशे मीटर उंच. तिथे पाणी 92 अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तास गेला तरी दाण्याची दाणाच राहते. जेवण झालं की मात्र भांडी, खरकटं, तेलाची बाटली काही बाहेर ठेवायचं नाही, अस्वलाला वास लागतो. अस्वलापासून 100 यार्ड आणि गव्यापासून 25 यार्ड लांब राहायचा नियम आहे. तिथला गवा, बायसन, रस्त्यात उभा राहिला की आपण थांबायचं. आपल्याला गायीसाठी थांबायची सवय आहेच.

पाण्याची जोडणी नसलेल्या तळावर 150 लिटर पाच जणांत तीन दिवस पुरवायचं. माणशी दिवसाला दहा लिटर. अमेरिकन लोकांना हे संकट वाटतं. आम्ही शॉवरखाली बादली ठेवली आणि तांब्याने अंघोळी केल्या, तिसऱ्या दिवशी पाणी उरलं होतं.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. ट्रेलरखाली सांडपाण्याची एक टाकी आणि संडासाची एक. तळावर मैल्याची जोडणी असली तरी संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं तळाशी ढिगारा होऊन वाळतं, मग ते काढणं तुमच्या नशिबी. टाकी बरीचशी भरू द्या, मग रबरी हातमोजे घालून आधी संडासाची सोडा, नंतर सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. जावयांना उमासे आले. मी सांगितलं, तुम्ही व्हॉल्व्ह ओढा, पाइप मी धरतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि हा पाइप एका खणात कधीही ठेवू नका.

निघायच्या सकाळी ट्रेलरला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, तीही सावकाश. वीज काढली का, पाण्याची नळी काढली का, पायरी आत ढकलली का, चार पाय वर घेतले का, गॅस बंद, फ्रिजची कडी लावली, ठोकळे काढले. मी एकेक म्हणायचो आणि नातू हात लावून "झालं" म्हणायचा. फिशिंग ब्रिजवरून निघताना सगळं झालं होतं, जावयांनी गाडी चालूही केली. नातू म्हणाला, "आजोबा, तुमचं काय?" मागच्या शिडीवर माझा पंचा वाळत होता. तो काढून घेतला आणि निघालो.