रंगाची मिरची वेगळी, तिखटाची वेगळी: खान्देशी घरासाठी निवड, लागवड आणि स्वयंपाक

शेवभाजीवर लालभडक तर्री यावी म्हणून अनेकजण तिखटाचा चमचा वाढवत जातात. तोंड पोळतं, रंग मात्र फिकाच राहतो. रंग एका मिरचीचा, तिखटपणा दुसरीचा. दोन्ही एकाच वाणाकडून मागू नयेत.

१. वर्षाची लाल मिरची घ्या

हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास पथाऱ्यांवर ओली लाल मिरची उन्हात पसरलेली असते. वर्षाची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, तोवर माल चांगला वाळलेला असतो. रंगासाठी ब्याडगी घ्या. लांब, सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला सौम्य. ती कर्नाटकातली, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जाळ हवा तर तेजा किंवा लवंगी. शंकेश्वरी या दोन्हींच्या मधली. तीन वाटे ब्याडगी आणि एक वाटा तेजा हे प्रमाण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. झणझणीत खाणाऱ्यांनी निम्मं-निम्मं करावं.

घेताना मूठभर मिरच्या हलवून पाहा. बिया खुळखुळल्या आणि वाकवल्यावर मिरची कट्कन तुटली, तर ती वाळली आहे. नुसतीच वाकली तर ओल आहे; दळल्यावर तिखटाच्या गुठळ्या होतील. एक-दोन मिरच्या उभ्या चिराच. आतली करडी बुरशी बाहेरून दिसत नाही, आणि अशी मिरची स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

२. हिरवी घरी लावा

ठेच्यासाठी ज्वाला, भरीत आणि मिरचीच्या भाजीसाठी पोपटी, कमी तिखट वाण. जूनमध्ये बी टाका, ३५-४० दिवसांनी रोप १२ इंची कुंडीत लावा. कुंडीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा चाळिशी ओलांडतो आणि फुलं गळतात, तेव्हा दुपारी हिरव्या जाळीची सावली हवीच. पानं आकसू लागली तर तो चुरडा-मुरडा. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. सुरुवातीलाच पानांच्या खालून निंबोळी अर्क फवारा; पूर्ण आकसलेलं झाड उपटून टाका.

३. चुलीपाशी

तिखट आणि रंग दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. म्हणून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परता, आच मंद करा आणि मग लाल तिखट घाला. दहा-पंधरा सेकंद हलवून लगेच उकळतं पाणी ओता. तिखट करपलं की रस्सा काळपट आणि कडवट होतो, मग कितीही मसाला घाला, उपयोग नाही.

मिरचीच्या भाजीला दहा-बारा पोपटी मिरच्या, अर्धी वाटी तूरडाळ, एक हिरवं वांगं आणि एक टोमॅटो एकत्र शिजवून घोटणीने घोटा. जिरं, ठेचलेला लसूण, शेंगदाणे आणि खोबऱ्याच्या कापांची फोडणी द्या, वर भरपूर कोथिंबीर. तिखट कमी हवं तर शिजवण्याआधी मिरची चिरून बिया धरून ठेवणारा पांढरा गर काढा. खरा जाळ त्यातच असतो. तरीही तिखट लागलीच तर पाणी वाढवू नका, दाण्याचा कूट घाला आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसोबत वाढताना वरून कच्च्या तेलाची धार सोडा.