चाळिशीनंतर हाडं जपायची कशी, आपल्या कोकणातल्या खाण्यातून आणि कामातून

हाडांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात, दूध पित जा नाहीतर कॅल्शियमची गोळी सुरू कर. दोन्हीत चूक काही नाही पण ते अर्धंच आहे. हाडाला खाणं लागतं तसा भारही लागतो, नुसतं खाऊन बसून राहिलं तरी भागत नाही आणि ताटात काही नसताना नुसतं राबलं तरी भागत नाही. आपल्याकडे खाण्यातलं सगळं घरातच आहे, नाचणी आहे कुळीथ आहे मासळी आहे, आणि भार टाकायला घाट्या-पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या चढणी) आहेतच. फक्त मधल्या काळात विहिरीवर पंप बसला, पाट्यावरचं वाटण मिक्सरमध्ये गेलं, रिक्षा दारापर्यंत यायला लागली आणि सकाळच्या आंबिलीच्या जागी चहा-खारी आली. पंप काढा असं मी अजिबात म्हणत नाही, पण जो भार गेला तो आता मुद्दाम टाकायला लागणार.

आधी आत काय होतं ते बघू. साधारण तिशीपर्यंत हाडं जेवढी भरायची तेवढी भरतात. नंतरही हाड जिवंतच असतं, जुनं काढायचं आणि नवीन भरायचं हे काम आत चालूच राहतं, शेताचा बांध पावसात ढासळतो आणि आपण दरवर्षी परत घालतो ना तसं. बायकांची पाळी जाते तेव्हा हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, मग ढासळणं जोरात होतं आणि भरणं मागे पडतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरते आणि यात दुखत काही नाही, म्हणून कोणाला कळत नाही. कळतं ते एकदम मनगट मोडल्यावर, पाठीचा मणका दबल्यावर, नाहीतर उतारवयात खुबा मोडल्यावर. पुरुषांचंही हाड झिजतं, हळू झिजतं एवढंच, त्यामुळे घरातल्या बाप्यांनी हे बायकांचं म्हणून सोडून देऊ नये.

आता ताट. आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधन करणारी सरकारी संस्था) २०२० साली जे आकडे दिले त्यात मोठ्या माणसाला दिवसाला १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मि.ग्रॅ. सांगितलंय. ऐकायला खूप वाटतं पण जुळवता येतं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत अडीचशे धरा. एक मोठा पेला दूध किंवा वाटीभर दही, सव्वादोनशे-अडीचशे. चमचाभर तीळ भाजून चटणीत घातले की शंभर. कुळथाची पिठी दोन-तीन चमचे पिठाची केली की ऐंशी. शेवग्याचा पाला वाटीभर भाजीला घेतला तर आणखी दीडशे. राहिलेलं ताक, डाळ, मासळी यातून येतं. हे सगळं अंगाला लागत नाही हे खरं, दुधातलंसुद्धा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो, पण हजार-बाराशेचे आकडे ते धरूनच ठरवलेत, त्यामुळे वेगळा हिशोब करत बसू नका.

नाचणीबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे बरंच वाया जातं. नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालात असतं. आपण सत्त्व करतो तेव्हा नाचणी भिजवून वाटून फडक्यातून गाळतो आणि चोथा बाजूला काढतो, त्या चोथ्याबरोबर बरंच कॅल्शियमही जातं. लहान बाळाला किंवा आजारी माणसाला पचायला सत्त्व चांगलंच, पण हाडांसाठी खायचं असेल तर अख्ख्या नाचणीचं पीठ घ्या, चाळायचं नाही. त्यातही नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत सुकवायची, जरा भाजून दळून आणायची. मोड आले की त्यातलं फायटेट कमी होतं, हे फायटेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. तसंच आंबिलीचं, रात्री पीठ ताकात कालवून ठेवायचं आणि सकाळी शिजवायचं, थोडं आंबलं की तोच फायदा आणि वर ताकाचं कॅल्शियम. लसणीची एखादी पाकळी ठेचून घातली की पोरंही पितात.

मासळीचं म्हणाल तर सुरमई-पापलेट चवीला एक नंबर आणि प्रोटीनलाही चांगली, पण त्यांचा काटा आपण टाकून देतो आणि कॅल्शियम काट्यात असतं. म्हणून मांदेली, छोटी तारली, मोतके असले मासे जे कुरकुरीत केले की काट्यासकट चावून खाता येतात ते आठवड्यातून दोन-तीनदा तरी असावेत, स्वस्तही पडतात. जवळा-सुकट पण चांगली, कवचासकट पोटात जाते. मात्र सुक्या मासळीत मीठ फार असतं आणि जास्त मीठ खाल्लं की लघवीवाटे कॅल्शियम जास्त जातं, तेव्हा सुकट-बोंबील कोमट पाण्यात दोनदा धुवून घ्या, आमटीत वरून मीठ घालताना हात आखडा, आणि त्याच ताटात पापड नि लोणचं नको. बीपीवाल्यांनी तर नकोच. प्रोटीन कमी पडू देऊ नका हेही सांगते, हाडाचा सांगाडाच मुळात प्रोटीनचा, त्यावर कॅल्शियम बसतं. मासे-अंडी न खाणाऱ्यांनी कुळीथ, काळे वाटाणे, मूग, चवळी यातलं काहीतरी रोज दोन्ही जेवणांत घ्यायचं, नुसती वरणाची धार भातावर घेऊन होत नाही.

पालेभाजीत पालकाचं फार नाव आहे पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे ते जवळजवळ शोषलंच जात नाही. पालक खा, पण हाडांच्या हिशोबात धरू नका. आपला शेवग्याचा पाला त्यापेक्षा कितीतरी कामाचा, गोकुळाष्टमीला आंबोळ्या नि काळ्या वाटाण्यांच्या उसळीबरोबर करतो ती भाजी, ती वर्षात एकदाच का करायची? परसात झाड असतं आणि आपण फक्त शेंगा काढतो. आणि एक गैरसमज, सोलकढी. नारळाचं दूध नावाला दूध आहे, त्यात कॅल्शियम नावापुरतंच, त्यामुळे रोज सोलकढी पिते म्हणून दूध-ताक बंद असं कोणी केलं असेल तर ते परत चालू करा.

कॅल्शियम शोषायला व्हिटॅमिन डी लागतं आणि ते उन्हात कातडीत तयार होतं. सकाळचं कोवळं ऊन चांगलं असं सगळे म्हणतात पण अगदी सातच्या उन्हात त्या कामाचे किरण फारसे नसतात. सोपी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की ते ऊन कामाचं. हात, पाय, पाठ थोडी उघडी ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. काच लावलेल्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही. एप्रिल-मे मध्ये खळ्यात आमसुलं-साटं वाळत घालतो तेव्हा हे आपोआप होतं, फक्त उन्हाच्या कारात भरदुपारी बसू नका, नऊ-साडेनऊनंतर लगेच उरकून घ्या. खरी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर ढग, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद, म्हणजे बांगडा-तारलीसारखी तेलकट मासळी जिच्यात डी असतं तीही कमी. अंगातला साठा गणपतीपर्यंत बराच खाली येतो. म्हणून डीची तपासणी करायची असेल तर पाऊस संपता संपता करा, वर्षातला सगळ्यात कमी आकडा तेव्हा दिसतो.

आता भार, आणि हा भाग कृपा करून गाळू नका. व्यायामाचं नाव काढलं की बायका म्हणतात, "दिवसभर कामातच असतंय, माका येगळो व्यायाम कित्याक व्हयो?" खरंच राबतात, त्यात वाद नाही. पण घरातलं बरंचसं काम उभं राहून नाहीतर वाकून करायचं असतं, त्यात हाडावर नवीन भार पडत नाही. हाड नेहमीच्या वजनाला सरावतं, त्याला नेहमीपेक्षा थोडं जास्त दिलं की मगच ते मजबूत व्हायला बघतं. अंतराळवीरांचं उदाहरण घ्या, तिथे वजनच नाही, तर मांडीच्या नि खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्का कमी होते, खाणंपिणं व्यवस्थित असूनसुद्धा.

सुरुवात चढण्यापासून करा. नुसतं रमतगमत चालणं हृदयाला आणि मनाला चांगलं पण हाडाला त्याचं फार काही वाटत नाही. भरभर चाला, आणि वाटेत देवळाची नाहीतर बंदराची पाखाडी असेल तर ती दोन-तीनदा चढा, उतरताना हळू आणि कठड्याला हात. किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी घट्ट ओल्या वाळूवरून चालावं, सुक्या भुसभुशीत वाळूत गुडघे नि घोटे मुरगळतात. पोहणं छान आहे पण पाण्यात वजन पेललं जातं म्हणून हाडांसाठी ते पुरत नाही.

आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम, त्याला जिम लागत नाही. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीशी बांधून खुर्चीवर बसायचं आणि उठायचं, दहा वेळा. जमत नसेल तर सुरुवातीला हाताचा आधार घ्या. मग भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे टेकवून भिंतीला दंड मारायचे, हे मनगटासाठी, कारण पडताना माणूस हातच टेकतो. मग टाचा वर उचलून चवड्यांवर उभं राहायचं आणि टाचा जरा जोरात खाली टेकवायच्या, त्या हादऱ्याने खुब्यापर्यंत भार जातो (मणका आधीच दबलेला असेल तर हे नको). मग दोन लिटरच्या बाटल्या पाण्याने भरून दोन्ही हातांत घ्यायच्या आणि पाठ ताठ ठेवून पडवीत येरझाऱ्या. एक बाटली म्हणजे दोन किलो, पंधरा-वीस दिवसांनी सोपं वाटायला लागलं की बाटलीऐवजी अर्धी भरलेली कळशी घ्या. कुठल्याही व्यायामाचे शेवटचे दोन-तीन फेरे जड गेले पाहिजेत, नाही गेले तर वजन वाढवायची वेळ झाली. आणि दात घासताना एका पायावर उभं राहा, हाताशी भिंत असू दे, आधी दहा सेकंद मग तीस. याने हाड वाढत नाही, तोल सुधारतो, आणि पडलंच नाही तर मोडणारही नाही.

एक जपायचं. ज्यांना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होऊन ठिसूळ होण्याचा आजार, सांगितलाय त्यांनी कमरेतून पुढे वाकायचे व्यायाम, पायाचे अंगठे धरणं, पश्चिमोत्तानासन, झटक्याने वळणं हे करू नये, त्याने मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येऊन तो चेपू शकतो. हेच भातलावणीच्या वेळी, केर काढताना, सिलेंडर हलवताना. गुडघ्यात वाका, ओझं पोटाशी धरा, आणि लांब दांड्याचा झाडू घ्या. पालथं झोपून छाती हळूच उचलायची, म्हणजे भुजंगासनाचा सौम्य प्रकार, हा बहुतेकांना चालतो, पण मणका मोडलेला असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवूनच.

मशेरीबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी मशेरी लावतात आणि तिला तंबाखू मानतच नाहीत, दात घासायचं एक साधन म्हणतात. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि तंबाखूने हाडाची घनता कमी होते. ती सोडायची असेल तर घरातल्यांनी टोमणे मारण्यापेक्षा मदत करावी, कारण लागलेली सवय असते ती. आणि ते गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा म्हणून मेसेज फिरतात, ते नका करू. चुना तोंड नि अन्ननलिका भाजतो आणि त्यातून किती गेलं याचा काही हिशोब नाही.

गोळ्या लागल्याच तर डॉक्टरांना विचारून. एका वेळी ५०० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त कॅल्शियम नीट शोषलं जात नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ विभागून, कार्बोनेटवाली जेवणाबरोबर, लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही आणि थायरॉईडच्या गोळीनंतर चार तास थांबून. ६० हजार युनिटची डीची पुडी मेडिकलमधून आणून वर्षभर दर आठवड्याला घेणारे आहेत, तसं करू नका, डी अंगात साठतं आणि जास्त झालं की किडनीला त्रास होतो.

पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील, दम्यासाठी नाहीतर संधिवातासाठी स्टेरॉइड बरेच महिने चालू असेल, आईचा खुबा मोडला असेल, उंची तरुणपणापेक्षा दीड इंच कमी भरत असेल किंवा साधं घसरून हाड मोडलं असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, कोल्हापूर-गोवा-मुंबईकडे जाणं होईल तेव्हा. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे तो आकडा. तो उणे १ ते उणे २.५ च्या मधे म्हणजे हाड विरळ व्हायला लागलंय, उणे २.५ किंवा त्याच्याही खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, त्याला औषधं आहेत आणि ती लागतात. शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून आकडा सांगतात तो फक्त अंदाज, त्यावर औषध चालू करू नये. आणि व्यायाम सुरू केला म्हणून चार महिन्यांनी परत स्कॅन करू नका, हाडातला फरक दिसायला वर्ष-दीड वर्ष तरी जातं.

घरात पडण्याच्या जागा शोधून ठेवा. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं काम जूनमध्ये एकदा करून सोडायचं नाही, श्रावणात परत करायचं. न्हाणीत धरायला भिंतीत दांडा, रात्री पडवीतून मागच्या दारी जाताना लागणारा दिवा, झिजलेली स्लिपर फेकून नवीन. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा हा दांडा आणि दिवा त्यांच्याकडून बसवून घ्या.